दुसऱ्याचे बाळ, दुसऱ्याचा कुत्रा

दुसऱ्याच्या घरी जाऊन मूल सांभाळणाऱ्या बाईवर, त्या घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर, एकाच वेळी दोन जिवांची जबाबदारी येते. मुलाला तिची सवय झालेली असते; प्राण्याला झालेली असतेच असे नाही. आईवडील कामावर निघाले की कुत्र्याच्या दृष्टीने घरात उरते एक परकी बाई आणि रांगणारे, किंचाळणारे, हातात बिस्किट घेऊन फिरणारे एक मूल. रस्त्यावरच्या कुत्र्यापासून मुलाला जपायचे हे कोणाला सांगावे लागत नाही. घरातल्या कुत्र्याबाबत मात्र 'आमचा काही करत नाही' एवढ्या भरवशावर मूल त्याच्या शेजारी सोडले जाते. पाच वर्षांखालच्या मुलाचा चेहरा आणि बऱ्यापैकी मोठ्या कुत्र्याचे तोंड जवळजवळ एकाच उंचीवर असते. म्हणून मोठ्या माणसाला चावा बहुधा हातापायाला बसतो, लहान मुलाला चेहऱ्याला, डोक्याला किंवा मानेला.

मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात मूल सांभाळण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. चाळीत शेजारच्या मावशी दिवसभर मूल आपल्याकडे घेतात. दादरच्या जुन्या इमारतींत एखाद्या निवृत्त बाई घरातच पाळणाघर चालवतात. तिथे मांजर बाईंचे असते आणि मुले इतरांची. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये पगारी ताई असते, आणि कुत्र्याला फिरवायला वेगळा मुलगा येतो. मे महिन्याच्या सुट्टीत हेच काम कॉलेजात जाणाऱ्या मामेबहिणीकडे किंवा आत्याकडे येते. यांपैकी बहुतेकींना मुलाचे खाणे, झोप, औषध याची यादी मिळते. कुत्र्याविषयी दोन वाक्येही कोणी नीट सांगत नाही.

जागेचा प्रश्न इथे सर्वांत मोठा आहे. मूल आणि प्राणी यांवर लक्ष ठेवता येत नसेल तेव्हा त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे दुसरी खोली आणायची कुठून? तरीही दोघांना वेगळे ठेवण्याचा नियम सोडून चालत नाही. तो त्या जागेत बसवावा लागतो. मुलाला भरवताना, अंघोळ घालताना, झोपवताना कुत्र्याला ठरलेल्या कोपऱ्यात आखूड पट्ट्याने बांधून ठेवता येते. पट्ट्याच्या टप्प्यात मूल येणार नाही आणि मोरीची वाट त्या कोपऱ्यावरून जाणार नाही, एवढे पाहावे. पट्टा मुलाच्या गळ्यात किंवा पायात अडकू शकतो, म्हणून बांधलेल्या कुत्र्याजवळ मुलाला कधीही सोडू नये. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, त्यामुळे घाबरला की तो चावण्याची शक्यता वाढते. दाराला लावायची लाकडी किंवा लोखंडी जाळी हा आणखी चांगला उपाय. ज्या घरांत पोटमाळा आहे तिथे मांजराला ती जागा द्यावी. हे काहीच शक्य नसेल तर स्वयंपाकाच्या किंवा धुण्याच्या वेळी मुलाला शेजारी पाठवणे बरे. चाळीत ही सोय टॉवरपेक्षा जास्त आहे.

चाळीची आणखी एक अडचण म्हणजे दिवसभर उघडे असणारे दार. गॅलरीत खेळणारी शेजारची मुले न सांगता आत येतात, चेंडूमागे धावत येतात, झोपलेल्या कुत्र्यावर अडखळतात. सांभाळणाऱ्या बाईच्या ताब्यातले मूल एक असते, पण त्या कुत्र्यासमोर येणारी मुले पाच-सहा असू शकतात. कुत्रा मोकळा असेल तितका वेळ दार लावलेलेच असावे, मग शेजारणींना ते शिष्टपणाचे वाटले तरी चालेल.

काम स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात, आणि त्या विचारताना संकोच करू नये. प्राण्याला रेबीजची लस दिली आहे का, शेवटची कधी दिली, महापालिकेचा परवाना आहे का, पूर्वी तो कोणावर धावून गेला किंवा कोणाला चावला आहे का, कशाला घाबरतो, खाताना कोणी जवळ आलेले त्याला चालते का, त्याचा पशुवैद्य कोण. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि नंतर पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे, बहुधा दर वर्षी. लसीचे कार्ड दाखवा म्हणणे हा मालकाचा अपमान नाही. पूर्वी चावलेला कुत्रा घरात असेल आणि त्याला वेगळे ठेवण्याची सोय नसेल, तर त्या घरात एकटीने मूल सांभाळायला नकार देणेच योग्य आहे.

पहिली भेट मालकांच्या समोर व्हावी. घरात शिरल्याबरोबर कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवू नये, वाकून त्याच्या डोळ्यांत पाहू नये. शांत उभे राहावे, त्याला वास घेऊ द्यावा आणि तो आपणहून जवळ आला तर मानेच्या बाजूला किंवा छातीवर हात फिरवावा. पहिले दोन-तीन दिवस मालकांपैकी कोणीतरी घरी असताना यावे, म्हणजे या बाईच्या हातात मूल असणे ही घरातली नेहमीची गोष्ट आहे हे कुत्र्याच्या अंगवळणी पडते. एरवी काही कुत्रे परक्या माणसाने मुलाला उचलले की अस्वस्थ होतात.

कुत्रा चावण्याआधी बहुतेक वेळा सूचना देतो. लोक फक्त शेवटची सूचना ओळखतात, म्हणजे गुरगुरणे आणि दात दाखवणे. त्याआधीच्या खुणा शांत असतात. तो मुलाकडून तोंड फिरवतो, भूक नसताना ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो, कान मागे घेतो, मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो आणि त्या वेळी डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. उठून दुसरीकडे जाऊन बसतो, आणि मूल तिथेही मागे जाते. शेवटी त्याचे अंग ताठ होते आणि तो क्षणभर गोठल्यासारखा थांबतो. हा ताठरपणा सर्वांत धोक्याचा आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, ही समजूत पुरेशी खरी नाही. उंच, ताठ आणि वेगाने हलणारी शेपूट उत्तेजित किंवा चिडलेल्या कुत्र्याचीही असते. चार वर्षांच्या आसपासची कितीतरी मुले दात विचकणाऱ्या कुत्र्याला 'हसतोय' असे समजतात, हे संशोधनात दिसून आले आहे. म्हणूनच या वयाच्या मुलाला 'नीट वाग' एवढे सांगून भागत नाही. कुत्रा काय सांगतो आहे ते मोठ्या माणसाने वाचायचे असते.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारण्याची किंवा ओरडण्याची सवय अनेक घरांत आहे. ती घातक आहे. मार खाऊन कुत्रा गुरगुरणे सोडतो. त्याची भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. तो गुरगुरला तर मुलाला शांतपणे बाजूला घ्यावे, दोघांमध्ये अंतर पाडावे आणि संध्याकाळी ही गोष्ट मालकांना न विसरता सांगावी. अंग ताठ केलेल्या कुत्र्याजवळून मुलाला झटक्याने ओढू नये, उचलून पळूही नये. कुत्र्याला नावाने हाक मारून किंवा खाऊ लांब फेकून त्याचे लक्ष वळवावे, मग दोघांच्या मध्ये आपण उभे राहावे.

धोक्याचे प्रसंग ठरावीक असतात. पहिला खाण्याचा. कुत्रा आपल्या भांड्यात खात असताना मूल त्याच्या आसपास नसावे, आणि मूल खात असताना कुत्रा. मूल पोळीचा तुकडा हातात घेऊन कुत्र्याला दाखवते, मग मागे घेते. कुत्रा तुकड्यावर झडप घालतो आणि दात बोटांना लागतात. यात कुत्र्याचा राग नसतो, पण जखम होतेच. मुलाच्या ताटातले उरलेले कुत्र्याला घालण्याची सवयही मोडावी. कांदा, द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यासाठी विषारी असतात, म्हणजे मुलाच्या हातातली शिऱ्याची वाटीही त्याच्यासाठी निर्धोक नाही. दुसरा प्रसंग झोपेचा. झोपलेल्या कुत्र्याला मुलाने मिठी मारणे, पाठीवर बसून घोडा घोडा खेळणे, कान ओढणे, तोंडाजवळ तोंड नेणे हे फोटोत गोड दिसते. कुत्र्याला यातले बरेचसे नकोसे असते. म्हातारा, सांधे दुखणारा किंवा कमी दिसणारा-ऐकणारा कुत्रा अशा वेळी दचकून चावतो. पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ तर मुलाला नेऊच नये.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी कडक असावे लागते. मराठी घरांत बाळ झोळीत झोपवतात आणि झोळी अनेकदा जमिनीपासून हातभर उंचीवर असते, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर. बाळ आत हालचाल करते, झोळी हलते, बारीक आवाज येतो. काही कुत्र्यांना हे सर्व पळणाऱ्या लहान प्राण्यासारखे वाटते. बाळाच्या तोंडाला दुधाचा वास असतो, म्हणून चाटायलाही कुत्रा येतो. मांजर उबेसाठी बाळाच्या अंगाशी येऊन बसते आणि नाकातोंडावर आले तर बाळाला बाजूला होता येत नाही. बाळ झोळीत किंवा पाळण्यात असताना त्या खोलीत प्राणी मोकळा नसावा. दूध गरम करायला दोन मिनिटे जायचे असेल तरी बाळ उचलून सोबत न्यावे, किंवा कुत्र्याला सोबत न्यावे.

टॉवरमध्ये जागा भरपूर असते, पण लिफ्ट असते. बंद, अरुंद लिफ्टमध्ये अनोळखी कुत्रा आणि हात धरलेले मूल यांच्यात सुरक्षित अंतर उरत नाही. कुत्रा आत असेल तर पुढच्या लिफ्टची वाट पाहावी. एकाच वेळी मुलाची बाबागाडी आणि कुत्र्याचा पट्टा सांभाळत खाली उतरण्याचे काम ताईवर टाकू नये. मोठ्या कुत्र्याने हिसका दिला तर पट्टा आणि गाडी दोन्ही हातांतून जातात.

वर्षाचे काही दिवस या भागात वेगळे असतात. गणेशोत्सवात लालबाग-परळच्या रस्त्यांवर ढोलताशे दिवसरात्र वाजतात, विसर्जनाच्या मिरवणुका गिरगाव चौपाटीकडे जातात आणि घराघरांत पाहुण्यांची रीघ लागते. दिवाळीत फटाके. कुत्र्याला आवाज माणसापेक्षा खूप तीव्र ऐकू येतात. एरवी शांत असलेला कुत्राही पलंगाखाली शिरून थरथरतो. त्याला तिथून ओढून काढायला गेलेले मूल हमखास चावा ओढवून घेते. या दिवसांत कुत्र्याला लपायला जागा द्यावी आणि मुलाला तिथे फिरकू देऊ नये.

पावसाळ्यात दात आणि नखे यांच्यापेक्षा पंजे जास्त लक्षात ठेवावे लागतात. दादरच्या हिंदमाता परिसरात दर पावसाळ्यात पाणी तुंबते. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. कुत्र्यालाही हा रोग होतो आणि त्याच्या मूत्रातून तो पसरू शकतो. बाहेरून भिजून आलेला कुत्रा ज्या लादीवर फिरतो तिच्यावरच बाळ रांगते आणि तोच हात तोंडात घालते. कुत्र्याचे पंजे दारातच धुऊन पुसावेत, त्याने घरात लघवी केली तर हातमोजे घालून जंतुनाशकाने लादी पुसावी. कुत्र्यांसाठी लेप्टोची लस मिळते. ती दिली आहे का हेही लसीच्या कार्डावर पाहावे. जंत, पिसवा आणि गोचीड यांची काळजी मालकाने घ्यायची असते. मुलाचे हात साबणाने धुणे मात्र सांभाळणाऱ्या बाईचे काम.

मांजराचा धोका लोक हलका समजतात. मांजराचा दात बारीक आणि अणकुचीदार असतो. जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण जंतू खोलवर जातात आणि एका दिवसात हात सुजून लाल होतो. ओरखड्यातूनही ताप आणि गाठी येणारा रोग होऊ शकतो. पोट चोळून घेणारे मांजर अचानक चारही पंजांनी हात पकडते, शेपूट जोरात आपटू लागले की ते कंटाळले आहे असे समजावे. केस गळलेल्या गोल चकत्या अंगावर असलेल्या मांजराच्या पिल्लाकडून मुलाला गजकर्ण होतो. मांजराच्या विष्ठेचा ट्रे मुलाच्या हाती लागेल असा ठेवू नये, आणि सांभाळणारी बाई गरोदर असेल तर तो साफ करण्याचे काम तिला देऊ नये. मांजराच्या विष्ठेतून होणारा टोक्सोप्लाझ्मोसिस गर्भाला इजा करतो.

क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली लहान कासवे मुलांना फार आवडतात. त्यांच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जंतू असतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे विकायला बंदी आहे. कासवाची टाकी स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नये. पिंजऱ्यात बोट घालणाऱ्या मुलाला पक्ष्याची चोच लागते. आपला देशी हिरवा पोपट पाळणे तर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे. माशांच्या टाकीचा स्टँड हलका असेल तर उभे राहायला शिकणारे मूल त्याला धरते, आणि पाण्याने भरलेली काच अंगावर येते.

इतकी काळजी घेऊनही चावा किंवा ओरखडा झाला तर पहिली पंधरा मिनिटे महत्त्वाची. प्राण्याला बंद करून मूल उचलावे आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. मूल रडेल, तरी थांबू नये. रेबीजचा विषाणू साबणाने नष्ट होतो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तिखट, मीठ, कॉफी यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जाऊ शकतो. घट्ट पट्टी बांधू नये. रक्त फार वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरून थेट रुग्णालय गाठावे, आणि निघतानाच आईवडिलांना फोन करावा. नोकरी जाईल किंवा बोलणी बसतील या भीतीने लहानसा ओरखडा लपवणाऱ्या बायका असतात. आईवडिलांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही. हे आश्वासन लसीइतकेच मुलाला वाचवते.

जखम नसलेल्या, अखंड कातडीवर प्राण्याने चाटले तर उपचार लागत नाहीत. रक्त न येणारा ओरखडा असेल तर जखम धुणे आणि लस. कातडी फाटून रक्त आले, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. ते जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. चेहरा आणि डोके मेंदूच्या जवळ असल्याने लहान मुलाच्या बाबतीत उशीर चालत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ निष्फळ असतात. वेळेवर घेतलेली लस मात्र रोगाला अडवते. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून डॉक्टरकडे जाणे टाळू नये. चावलेल्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस नजर ठेवतात, पण मुलाचे उपचार त्या दहा दिवसांची वाट न पाहता लगेच सुरू होतात. प्राण्याला मारू नये आणि सोडूनही देऊ नये. तो जिवंत आणि नजरेसमोर असणे मुलाच्या उपचारासाठी उपयोगाचे आहे.

या बाबतीत परळचे रहिवासी सुदैवी आहेत. १९२६मध्ये सुरू झालेले केईएम रुग्णालय आणि मुलांचे वाडिया रुग्णालय इथे आहेत. सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई प्राणी रुग्णालय आणि १८८६मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालयही याच भागात. शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली आणि १९२५पासून तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. रेबीजची लस तिथेही तयार होत असे. जुन्या पिढीच्या मनात पोटात घ्यायच्या चौदा इंजेक्शनांची भीती आजही आहे, आणि त्या भीतीपायी आजी नातवाला डॉक्टरकडे न्यायला कचरते. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात २००४-०५पासून बंद आहे. आताची लस दंडात, आणि लहान मुलांना मांडीत देतात. दंडाच्या स्नायूत घ्यायची असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी; कातडीत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाचा डोस नसतो. घरात प्राणी असलेल्या मुलाला आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईला आधीच प्रतिबंधक लस द्यावी का, हे बालरोगतज्ज्ञाला विचारून ठेवावे. महापालिकेच्या रुग्णालयांत चाव्यानंतरची लस मोफत मिळते. पहिले दोन डोस झाल्यावर जखम भरते आणि पुढचे डोस राहून जातात, म्हणून डोसांच्या तारखा आईवडिलांच्या आणि सांभाळणाऱ्या बाईच्या, दोघांच्याही फोनमध्ये नोंदवून ठेवाव्यात आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस चुकवू नये.